न चाखता केलेली डाळ

चैत्र लागला हे मंगळवार पेठेतल्या त्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात पंचांगाआधी अक्कांच्या नाकाला कळायचं. सकाळी मागीलदारी तोंड धुता धुता त्या थांबायच्या, मान जरा वर करायच्या आणि म्हणायच्या, "शेवगा फुलला वाटतं कुठं तरी." शेवगा असायचा दोन गल्ल्या पलीकडे, तालमीच्या मागे. पण दुसऱ्या दिवशी ओंजळभर फुलं घरात आलेली असायची आणि डाळीचं पीठ पेरून त्यांची भाजी पानात पडायची.

चैत्र-वैशाखाच्या त्या दोन महिन्यांत अक्कांच्या स्वयंपाकाला भलतंच उधाण यायचं. आजऱ्याकडचे ओले काजूगर आले की ओल्या खोबऱ्यातली उसळ. हाताला तेल चोळून चिरलेली फणसाची कोवळी कुयरी. चिंचेला पालवी फुटली की त्या पाल्याची आंबटसर आमटी. मग कैरी यायची, आणि तक्कू, मेथांबा, पन्हं अशी तिची रूपं दर दोन दिवसांनी बदलत राहायची. या सगळ्यांत मानाची म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, तीत कैरी किसून घालायची, वर हिंग-मोहरीची फोडणी. एवढ्याला काय मोठी अक्कल लागते, असं कुणालाही वाटेल. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा साठ बायकांसाठी करून पाहावी, आणि तीही न चाखता.

कारण ती गौरीचा नैवेद्य. नैवेद्याला जीभ लावायची नाही. आणि कैरी ही मोठी बेभरवशाची वस्तू आहे. एकाच फांदीवरच्या दोन कैऱ्यांतली एक दात आंबवते आणि दुसरी नुसतीच पचपचीत निघते. डाळीत किती किसायची, साखर किती घालायची, हे चाखल्याशिवाय ठरवायचं कसं? बाकीच्या घरांत अंदाजपंचे चालायचं आणि बायका गौरीवर भार टाकून मोकळ्या व्हायच्या. अक्का मात्र विळीवर कैरीचा देठाकडचा काप उडवायच्या, नाकापाशी धरायच्या आणि सांगायच्या, "ही डाळीत. ही पन्ह्यात. ही लोणच्याला ठेव."

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, मग हुंगलेली कैरी कशी चालते, असं त्यांच्या भावजयीने, कालिंदीने, लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. अक्का जराही अडल्या नाहीत. "डाळीत पडली की ती नैवेद्य. तोवर बाजारातली कैरी. आणि जीभ आपण लावतो, वास आपणहून येतो." त्यानंतर बावीस वर्षं कालिंदीने हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीची आरास केली, हरभरे भिजवले, सतरंज्या झटकल्या. विळी काही तिच्या हाती आली नाही.

अक्का म्हणजे कालिंदीच्या नवऱ्याची, अण्णांची, थोरली बहीण. मूळ नाव श्यामला, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि परत आल्या तेव्हा तेवीस. नवरा विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. वडील तेव्हा होते, त्यांनी ट्रंक आत ठेवली आणि म्हणाले, "आता इथंच." तेव्हापासून एकतीस वर्षं अक्का इथंच होत्या. वडील गेले. धाकटा भाऊ नृसिंह शाळेत गणित शिकवू लागला आणि सगळ्या पेठेचा अण्णा झाला. कालिंदी आली, तिला मुलगी झाली, ती वाढली आणि गेल्या मार्गशीर्षात लग्न होऊन सांगलीला गेली. या सगळ्या काळात स्वयंपाकघर अक्कांचं होतं, पहाटेच्या पहिल्या काडीपासून रात्री ओटा पुसेपर्यंत. कालिंदी मदतीला गेली की, "तू राहू दे, मी करते." कालिंदीला वाटायचं, वन्संना भारी गर्व आहे हातच्या चवीचा. एकदा माहेरी गेली असताना ती आईला म्हणालीही होती की आमच्या घरात मी पाहुणी आहे आणि वन्सं यजमान.

१९७१ च्या होळीला अक्का तापाने पडल्या. आठ दिवस अंगात ताप होता. नवव्या दिवशी सगळे नको म्हणत असताना उठल्या, चुलीशी बसल्या, फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली आणि तशाच बसून राहिल्या. त्यांनी डबी नाकाशी नेली. मग बोट आत घालून नाकपुडीला लावलं. काही नाही. डबीत हिंग होता की खडूची भुकटी होती, हे त्यांना डोळ्यांनी पाहून ठरवावं लागलं.

सर्दी असेल, जाईल, असं त्यांनी चार दिवस स्वतःला सांगितलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकली. तूप कोमट करून नाकात सोडलं. जीभही तशीच झाली होती. मिरची झोंबायची तेवढी कळायची, बाकी सगळं पाण्यासारखं. त्याच आठवड्यात त्यांनी काजूगरांची उसळ केली आणि तीत खवट नारळ पडला. अण्णांनी एक घास खाल्ला, बायकोकडे पाहिलं आणि उसळ भाताखाली लपवली. कालिंदी म्हणाली, "नारळ जुना निघाला वाटतं." अक्का "हं" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

आत जाऊन त्या कोठीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांना भीती वाटत होती. ही भीती त्यांना नवी नव्हती. तापानंतर ती फक्त अंगावर आली होती. मुलगी सासरी गेल्यापासून घरात माणसं तीन. तीन माणसांच्या स्वयंपाकाला दोन बायका कशाला लागतात? त्यातली एक घरची सून, धडधाकट, पंचेचाळिशीच्या आतली. दुसरी चौपन्न वर्षांची, भावाच्या घरी खाणारी. आजवर तिच्या हाताला पर्याय नव्हता म्हणून हा प्रश्न कुणी विचारला नाही. आता हातच गेला तर कुणीतरी विचारेल, आणि वाईट मनाने विचारेल असंही नाही. सहज विचारेल. दूरच्या चुलतभावाकडे मिरजेला माणसाची गरज आहे, अक्का काही दिवस जाऊन येतेस का, असं म्हणेल. अक्कांनी असे काही दिवस गेलेल्या दोघीतिघी पाहिल्या होत्या.

तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोहरी कानांनी ओळखायला लागल्या: तडतड थांबली की हिंग. कांदा रंगावर काढायचा. दूध उतू जाण्याआधी कडेला बुडबुडे धरतं तिथं नजर लावून बसायचं. मीठ तर पहिल्यापासून मुठीच्या अंदाजाचं. एकूण बरं निभत होतं. फक्त पाडव्याला एक चूक झाली. कडुलिंबाची पानं, ओवा, गूळ वाटून केलेली गोळी सगळ्यांनी तोंडात टाकली. अण्णांनी दरवर्षीप्रमाणे डोळे गच्च मिटले, कालिंदीने तोंड वाकडं केलं, आणि अक्का ती गोळी पेढा खावा तशी चघळत राहिल्या. तोंड वाकडं करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. कालिंदीने पाहिलं. पण वन्संचा निग्रह असा, असं तिला वाटलं.

हळदीकुंकू चैत्रातल्या शेवटच्या शुक्रवारी ठरलं. गुरुवारी दुपारी कळंब्याची चिमणाबाई पाटी घेऊन आली. ती वीस वर्षं या घरी कैऱ्या आणत होती. तिच्या मळ्यात तीन आंबे होते, विहिरीवरचा, बांधावरचा आणि गोठ्यामागचा, आणि दोघींचा एक खेळ होता. चिमणाबाई पाटीतली कुठलीही कैरी काढून पुढे करायची आणि अक्का वासावरून झाड सांगायच्या. त्या चुकत नाहीत याचं अक्कांपेक्षा चिमणाबाईला जास्त कौतुक. घरी जाऊन ती आपल्या नवऱ्याला, पिराजीला, सांगायची म्हणे, की बामनाच्या बाईला आपल्या झाडांची नावं ठावं हाईत.

"यंदा हिरीवरल्यानं दगा दिला बगा अक्का," पाटी उतरवत ती म्हणाली. "धरलाच न्हाई. सगळ्या मिळून येकात येक झाल्यात. तुम्हास्नी काय त्याचं, वासावर निवडशीला. सांगा बघू, ही कंची?"

अक्कांनी कैरी नाकाशी नेली. नुसता गारवा लागला. कैरी बुटकी, गोल होती. "गोठ्यामागची," त्या म्हणाल्या.

चिमणाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचा आवाज मळ्यात या बांधावरून त्या बांधावर बोलायला घडलेला. "आवो, ही आमच्या मळ्यातली न्हवंच की! कमी पडत्यात म्हनून बाजारातनं उचलली चार. वीस वर्सात तुमचं नाक कदी चुकलं न्हाई, आन् आज काय झालं वो? बरं न्हाई का काय?"

हे अंगणात सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या खोलीतलं कुणीतरी दारातही आलं.

"सर्दी आहे जरा," अक्का म्हणाल्या आणि कैऱ्या पदरात घेऊन आत वळल्या.

"सर्दी न्हाई ही," चिमणाबाई मागून म्हणाली, या वेळी खालच्या आवाजात. "नाक तर कोरडं हाय. भावजयीला सांगा, अक्का. लपवून हुईल का ह्ये?"

कालिंदी आतल्या खोलीत सतरंजी शिवत बसली होती. तिने सुई मध्येच थांबवली आणि मग पुन्हा चालवली.

शुक्रवारी सकाळी अक्का विळीवर बसल्या. समोर चौदा कैऱ्या. बाजूला पातेल्यात रात्रीची भिजत घातलेली डाळ. चैत्राचा उकाडा असा की डाळ फुगता फुगता आंबते, आणि आंबली तर डोळ्यांना कळत नाही. संध्याकाळी साठ बायका येणार. त्यांनी पहिली कैरी कापली, काप नाकाशी धरला, खाली ठेवला. दुसरी कापली. तिसरी. तीन काप ताटलीत पडून राहिले. मनात आलं, जीभ लावून बघावी, कोण पाहतंय. मग लक्षात आलं की जीभ लावून पापही होईल आणि कळणारही काही नाही. या विचाराचं त्यांना एवढं हसू आलं की पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विळी मिटली.

"कालिंदी, हातातलं ठेव आणि इकडे ये."

कालिंदी आली ती मान खाली घालूनच. वन्संनी असं बोलावलं की काहीतरी चुकलेलं असायचं.

"मला वास येत नाही," अक्का म्हणाल्या. "होळीपासून. चवही कळत नाही. त्या दिवशीचा नारळ जुना नव्हता, खवट होता, मला कळला नाही. ही डाळ बरी आहे की नासली, तेही मला सांगता येत नाही."

कालिंदी विळीसमोर बसली. आधी तिला काय आलं असेल तर राग. "पाच आठवडे! पाच आठवडे तुम्ही एकट्या सोसताय वन्सं? सांगायचं नाही? काय केलं असतं आम्ही, घालवून दिलं असतं तुम्हाला?"

असं आपण रागात म्हणतो. त्याला उत्तर येईल अशी कुणाची अपेक्षा नसते.

"हो," अक्का म्हणाल्या. "मला तसं वाटलं."

बाहेर कुणीतरी घागर आपटली.

"नृसिंह चांगला आहे, तूही चांगली आहेस," अक्का पुढे म्हणाल्या, जणू हिशेबातली पुढची ओळ सांगावी तसं. "पण खाणारी तीन माणसं. मी काही न करता बसायचं म्हणजे बसायचं कशाच्या जिवावर? तुला कधी चुलीशी येऊ दिलं नाही, ते का, तुला काय वाटलं?"

गर्व वाटला होता. बावीस वर्षं तो गर्व मनात धरून कालिंदीने कितीदा दात-ओठ खाल्ले होते, माहेरी कितीदा गाऱ्हाणी सांगितली होती. आता तिला त्या सगळ्याची इतकी लाज वाटली की वर बघवेना. रोज पहाटे ही बाई उठत होती ती भावाच्या घरातला स्वतःचा कोपरा पुन्हा मिळवायला, आणि आपण शेजारच्या खोलीत पडून भांड्यांच्या आवाजावर चिडत होतो.

तिने पदराने तोंड पुसलं आणि ताटलीतला पहिला काप उचलला. "सांगा. काय बघायचं?"

"वास घे."

"घेतला. कैरीचा येतोय."

"कैरीचाच येणार, पेरूचा कसा येईल?" अक्का चिडल्या, आणि चिडल्यामुळे त्यांना बरं वाटलं. "नाकात टोचतो की घशात उतरतो?"

कालिंदीने डोळे मिटले. "टोचतोय. नाकाच्या शेंड्याला."

"मग ती कडक आंबट. डाळीत थोडीच. दुसरी?"

"ही टोचत नाही. हिचा वास... जरा रॉकेलसारखा."

"चीक आहे. देठाकडून दोन बोटं काढून टाक आणि परत घे."

"आता गेला. आता घशात येतोय. गोडसर."

"ती पन्ह्यात."

असं चौदा कैऱ्यांचं झालं. कालिंदी वास घेई आणि सापडेल तो शब्द वापरी: ओली माती, चुन्याचं पाणी, शाळेतली शाई. त्या शब्दांतून अक्का कैरी ओळखत. मध्येच एकदा कालिंदी म्हणाली, "हिला वासच नाही," तर अक्का म्हणाल्या, "मग तुलाही माझ्यासारखं झालं," आणि दोघी हसल्या. डाळीच्या पातेल्यावर कालिंदीने नाक नेलं. "ओल्या पोत्यासारखा."

"चालेल. शिळ्या ताकासारखा आला असता तर टाकावी लागली असती. वाट आता."

कालिंदीने डाळ वाटली. अण्णा शाळेतून आले तेव्हा त्यांना सगळं सांगण्यात आलं. ते टोपी खुंटीला लावत म्हणाले, "मला तो नारळ लागला होता. पण अक्काच्या हातचं चुकलं, असं म्हणायची या घरात सवय कुणाला आहे? मला वाटलं, माझीच जीभ बिघडली."

संध्याकाळी बायका आल्या. विधवा बाईने हळदीकुंकवात बाहेर यायचं नाही, ही रीत अक्का स्वतःच सगळ्यांत कडक पाळत. त्या आत बसून द्रोण भरत होत्या आणि कान बाहेर होते. विठाबाई म्हणून कोपऱ्यावरच्या होत्या, त्यांनी पहिला घास घेतला. "अक्कांचा हात, दुसरं काय!"

"यंदा कैऱ्या मी निवडल्या," कालिंदीचा आवाज आला. "वन्संनी शिकवलं."

"अगं बाई! मग अक्का आता सुटल्या म्हणायच्या!" विठाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

आत अक्कांच्या हातातला द्रोण तसाच राहिला. कालिंदीने ते कौतुकाने सांगितलं होतं, हे त्यांना कळत होतं. पण आता पेठेला कळलं, की अक्कांवाचूनही चालतं. सकाळी दोघी हसल्या होत्या ते खरं, पण शिकवायचं ते शिकवून झालं होतं. उरलेले द्रोण त्यांनी मुकाट्याने भरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या स्वयंपाकघरात आल्या तर चूल पेटलेली आणि कालिंदी समोर. "तुम्ही बसा वन्सं," ती म्हणाली. अक्का मधल्या खोलीत जाऊन बसल्या. वाती वळल्या, त्या पुऱ्या झाल्या. मग मांडीवर हात ठेवून त्या हातांकडे पाहत बसल्या. आतून भांड्यांचे आवाज येत होते, परात, उलथणं, आमटीची पळी, आणि प्रत्येक आवाज कसला हे त्यांना कळत होतं. सकाळ कधी इतकी लांब झाली नव्हती. मिरजेच्या चुलतभावाचं घर डोळ्यांपुढे येऊन गेलं. ट्रंकेचं कुलूप कुठं ठेवलंय, तेही आठवून पाहिलं.

शनिवारची सकाळची शाळा आटपून अण्णा आले. कालिंदीने पानं घेतली, दोन, शेजारी शेजारी.

"हे कुणाचं?" अक्कांनी विचारलं.

"तुमचं. बसा."

"मी मागून बसेन. तुझ्याबरोबर."

"मी भाकरी करतेय. तव्यावरून थेट पानात वाढणार. गार करून ठेवायची नाही. बसा म्हणते ना!" कालिंदीचा आवाज एवढा चढला की अण्णा चपापून सरळ बसले.

अक्का बसल्या. पानात शेवग्याच्या शेंगांची आमटी, कालच्या डाळीचा उरलेला घास, आणि फुगलेली भाकरी, अजून वाफ निघणारी. त्यांनी तुकडा मोडला, बोटं भाजली, आमटीत बुडवून तोंडात घातला. चव नव्हतीच. पण ऊन घास घशातून खाली पोटापर्यंत गेला तो कळला. त्या थांबल्या आणि दुसरा तुकडा मोडला.

"कशी झालीय?" कालिंदीने चुलीपासून विचारलं.

"कळत नाही गं."

"मीठ?"

"ते नृसिंहाला विचार."

अण्णा म्हणाले, "बरोबर आहे."

भाकरी संपली. एकतीस वर्षांत भावाच्या घरी अक्कांनी काही मागून घेतलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर तळाशी असेल ते आणि असेल तेवढं खायचं, की कुणाच्या वाट्याचं आपण खाल्लं असं होऊ नये. त्या पानाकडे पाहत बसल्या. मग त्यांनी मान वर केली.

"कालिंदी," त्या म्हणाल्या, "मला आणखी एक वाढ."